‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीची ध्वनिमुद्रणे ताडून कशी पाहावीत

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात गाणे ऐकणाऱ्यांची वानवा नाही. मल्लिकार्जुन मन्सूर आणि भीमसेन जोशी यांनी गायिलेला एकच राग पुढेमागे ठेवून त्यांतला फरक नेमका सांगणारी माणसे इथे गल्लोगल्ली भेटतात, आणि सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या दोन वेगवेगळ्या काळांतल्या मैफलींवरून वाद घालण्यात अनेकांच्या रात्री गेल्या आहेत. याच जाणत्या कानांपुढे पाश्चात्त्य सिंफनीची, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या अनेक भागांच्या रचनेची, दोन ध्वनिमुद्रणे ठेवली, की मात्र ‘दोन्ही सारखीच वाटतात’ असे उत्तर येते. हा कानांचा दोष नव्हे. तुलना कुठे करायची याची सवय वेगळी पडते, इतकेच. आपल्याकडे गायक प्रत्येक वेळी राग नव्याने मांडतो, त्यामुळे दोन गायनांतले स्वरसमूहच निराळे असतात आणि फरक आपोआप समोर येतो. सिंफनीत प्रत्येक वाद्याने कोणत्या क्षणी कोणता स्वर वाजवायचा हे आधीच लिहिलेले असते. उरतो तो लयीचा, तोलाचा, नादाच्या पोताचा, थांब्यांचा आणि सभागृहाचा फरक, आणि तो रचनेत सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. काही थोड्या जागी तो दाटून येतो. म्हणून पद्धत अशी ठेवावी, की त्या जागा आधी निश्चित कराव्यात, तेवढ्याच ताडून पाहाव्यात, आणि अखंड रचना मात्र वेगळ्या दिवशी, तुलनेचा विचार बाजूला सारून ऐकावी.

या लेखात उदाहरण म्हणून चेक संगीतकार आंतोनिन द्वोर्झाक यांची नववी सिंफनी घेतली आहे. ‘फ्रॉम द न्यू वर्ल्ड’ या नावाने ती जगभर ओळखली जाते. तिची निवड करण्याची कारणे दोन: तिची ध्वनिमुद्रणे विपुल आणि सहज मिळणारी आहेत, आणि तिच्यातल्या धुना पहिल्याच ऐकण्यात लक्षात राहतात, त्यामुळे नवख्या श्रोत्यालाही आपण कुठे आहोत हे समजत राहते. द्वोर्झाक १८९२ मध्ये न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरी या संगीत विद्यालयाचे प्रमुख म्हणून अमेरिकेला गेले, ही सिंफनी त्यांनी १८९३ मध्ये तिथेच लिहिली, आणि त्याच वर्षी १६ डिसेंबरला कार्नेगी हॉलमध्ये आंतोन झाइडल यांच्या संचालनाखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने ती प्रथम सादर केली. रचनेचे चार भाग आहेत आणि सगळे मिळून साधारण चाळीस मिनिटे लागतात.

ध्वनिमुद्रणे निवडताना

एकदम दहाबारा ध्वनिमुद्रणे गोळा करण्याचा मोह टाळावा. चार पुरेशी आहेत, फक्त ती एकमेकांपासून पुरेशी दूर असावीत. माझी शिफारस अशी (आधीचे नाव संचालकाचे, म्हणजे वाद्यवृंद चालवणाऱ्याचे): आर्तुरो टोस्कानिनी यांचे एनबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबरचे १९५३ चे, कारेल आंचेर्ल यांचे चेक फिलहार्मोनिकबरोबरचे १९६१ चे, इश्तवान केर्तेस यांचे व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरचे, तेही १९६१ चेच, आणि राफाएल कुबेलिक यांचे बर्लिन फिलहार्मोनिकबरोबरचे १९७२ चे. यांपैकी पहिले मोनो आहे, बाकी तिन्ही स्टीरिओ. टोस्कानिनींची लय ताणलेली आणि धारदार आहे, आंचेर्ल यांचे वादन स्वच्छ आणि भावविवशतेपासून दूर राहणारे आहे, केर्तेस आवेगी आहेत आणि कुबेलिक लयीला जागोजागी श्वास घेऊ देतात. एकच काळ, एकच देश किंवा एकच ध्वनिमुद्रण कंपनी यांतून चारही उचलली, तर जो फरक ऐकू यायला हवा तो पुसट होतो.

शोधताना दोन अडचणी हमखास येतात. पहिली सालाची. मोबाइलवरच्या संगीत-सेवा बहुधा जुने ध्वनिमुद्रण पुन्हा प्रकाशित झाल्याचे साल दाखवतात, त्यामुळे १९६१ चे वादन २००० नंतरच्या सालाखाली सापडते, आणि एकच ध्वनिमुद्रण चार वेगवेगळ्या मुखपृष्ठांखाली हिंडत असते. केवळ संचालकाच्या नावावर विसंबणेही पुरत नाही. कुबेलिक यांनी ही सिंफनी शिकागो, व्हिएन्ना, बर्लिन आणि अखेरीस प्राग येथील वाद्यवृंदांबरोबर ध्वनिमुद्रित केली. केर्तेस यांचे लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबरचेही एक आहे. संचालक, वाद्यवृंद आणि मूळ ध्वनिमुद्रणाचे साल ही तिन्ही जुळल्याखेरीज आपण तेच ऐकत आहोत असे धरू नये. दुसरी अडचण क्रमांकाची आहे. द्वोर्झाक यांच्या पहिल्या काही सिंफनी त्यांच्या हयातीत छापल्याच गेल्या नाहीत, त्यामुळे ही रचना दीर्घकाळ ‘पाचवी’ म्हणून ओळखली गेली, आणि जुन्या तबकड्यांच्या वेष्टनांवर तसेच छापलेले आढळते. ‘ई मायनर’ ही स्वरपट्टी आणि ‘न्यू वर्ल्ड’ हे नाव दिसले, की पाचवी आणि नववी एकच समजावी.

रचनेची स्वरलिपी आयएमएसएलपी या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते, कारण तिच्यावरचे स्वामित्वहक्क केव्हाच संपले आहेत. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत नसली तरी ती जवळ ठेवावी असे मी आग्रहाने सांगेन. किती वाद्ये एकाच वेळी लिहिली आहेत, कुठे पान अचानक रिकामे होते, कुठे एका ओळीत एकच वाद्य उरते, हे स्वर न वाचताही दिसते, आणि कोणत्या जागी कान टवकारायचे याचा अंदाज त्यावरून येतो.

ऐकण्याची तयारी

दोन ध्वनिमुद्रणांपैकी ज्याचा आवाज किंचित मोठा, ते श्रोत्याला जवळजवळ नेहमी अधिक चांगले वाटते. ही कानाची जुनी खोड आहे आणि तुलनेत सर्वांत जास्त घोटाळा तीच करते. म्हणून प्रत्येक ध्वनिमुद्रणातील एकच जागा, उदाहरणार्थ चौथ्या भागाच्या आरंभी पितळी वाद्यांनी छेडलेली मुख्य धून, आधी वाजवून पाहावी आणि ती सर्वांत सारख्याच जोराने ऐकू येईल असा आवाज लावून ठेवावा. मोबाइलमध्ये आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी सोय असेल, तर ती मात्र बंद करावी. ती सोय काही वेळा गाण्यागणिक पातळी बदलते आणि मग पहिल्या दोन भागांतले मूळ अंतरच हरवते. दुसऱ्या भागाचा शांतपणा पहिल्या भागाच्या गर्जनेइतकाच उंच आवाजात समोर येतो.

हेडफोन असोत वा स्पीकर, चारही ध्वनिमुद्रणांसाठी एकच साधन वापरावे. छताचा पंखा बंद ठेवावा, हे सांगण्यात अतिशयोक्ती नाही. दुसऱ्या भागाचा शेवट केवळ डबल बास या सर्वांत खर्जातल्या तंतुवाद्याच्या अतिशय मंद स्वरांवर होतो आणि तो स्वर व पंख्याची घरघर एकाच पट्टीत मिसळून जातात. आमच्याकडे जुलैत पत्र्यावर आणि कौलांवर पाऊस धो-धो पडत असतो, तेव्हा या सिंफनीचा तो भाग ताडण्याचा उद्योग करू नये. पहिला आणि चौथा भाग तेवढा पावसातही निभतो.

पहिल्या भागातली एक फसवी जागा

पहिल्या भागाची सुरुवात संथ आहे: चेलोंची दबकी धून, मग हॉर्नची हाक, आणि पाठोपाठ तंतुवाद्ये व टिंपनी (नगाऱ्यासारखी वाद्ये) यांचा अचानक कोसळणारा प्रहार. त्या प्रहारापूर्वीची शांतता किती खोल आहे आणि प्रहार किती तुटक आहे, यावरून संचालकाचा स्वभाव पहिल्या दोन मिनिटांतच कळू लागतो. टोस्कानिनींच्या हातात हा प्रहार चाबकासारखा येतो. कुबेलिक यांच्याकडे तोच प्रहार जड आणि रुंद आहे.

खरी गोम पुढे आहे. पहिल्या भागाचा सुमारे एक तृतीयांश अंश पुन्हा वाजवावा असे चिन्ह द्वोर्झाक यांनी स्वरलिपीत दिले आहे, आणि काही संचालक ते पाळतात, काही पाळत नाहीत. म्हणून एखाद्या ध्वनिमुद्रणात पहिला भाग नऊ मिनिटांचा आणि दुसऱ्यात बारा मिनिटांचा दिसला, म्हणजे दुसरा संचालक संथ आहे असा निष्कर्ष काढू नये. बहुधा त्याने ती पुनरावृत्ती घेतलेली असते. केवळ मिनिटे पाहून लयीबद्दल मत बनवणारे श्रोते इथे हटकून फसतात. लय मोजायचीच असेल तर एकाच जागेवर, पंधरा सेकंदांचे मात्रांचे ठोके मोजून मोजावी.

पुनरावृत्ती असावी की नसावी? माझ्या मते असावी, कारण तिच्यामुळे बासरीची ती गोड, उतरत्या वळणाची धून दोनदा भेटते आणि पुढे ती मोडूनतोडून येते तेव्हा ओळखीची वाटते. ख्यालातल्या मुखड्याकडे पुन्हा पुन्हा परत येण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना या पुनरावृत्तीचे वावडे असण्याचे कारण नाही. तरी ज्या संचालकांनी ती गाळली त्यांच्यावर केवळ तेवढ्यावरून फुली मारू नये.

हीच बासरीची धून ताडण्यासाठी उत्तम जागा आहे. तिथे पोहोचताना वाद्यवृंद किती सैल होतो ते पाहावे. काही संचालक तिच्याआधी स्पष्टपणे लय ओढून धरतात, जणू बासरीवाल्यासाठी वाट मोकळी करतात. आंचेर्ल तसे फारसे करत नाहीत, त्यांची बासरी चालत्या लयीतच येते आणि जाते. यातले बरोबर काय, हा प्रश्नच नाही. आपल्याला कोणते पटते आणि का पटते हे दोन वाक्यांत लिहिता आले पाहिजे.

लार्गो

दुसरा भाग, म्हणजे लार्गो, हा या सगळ्या तुलनेचा गाभा आहे, आणि ज्यांना एकाच जागेवर वेळ घालवायचा असेल त्यांनी तो इथे घालवावा. ‘लार्गो’ म्हणजे अत्यंत विलंबित. द्वोर्झाक यांनी मिनिटाला ५२ मात्रा असे लयीचे माप लिहिले आहे, म्हणजे पंधरा सेकंदांत साधारण तेरा ठोके. मनगटावरच्या घड्याळाने हे कुणालाही मोजता येते. बहुतेक ध्वनिमुद्रणांत हा भाग अकरा ते तेरा मिनिटांत आटोपतो. लेनर्ड बर्नस्टाइन यांनी १९८६ मध्ये इस्रायल फिलहार्मोनिकबरोबर केलेल्या वादनात मात्र तो अठरा मिनिटांच्या पलीकडे जातो. चार मूळ ध्वनिमुद्रणे ऐकून झाल्यावर हे पाचवे अवश्य ऐकावे, आधी मुळीच ऐकू नये. एवढी मंद लय एकदा कानात बसली, की इतर सर्व संचालक धावत सुटल्यासारखे वाटू लागतात आणि सरळ तुलना करणे कठीण होते.

आरंभी पितळी वाद्यांचे काही थोडे सुरावटींचे ठोकळे, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वरांचे गट, आहेत. ते ई मायनरच्या परिसरातून निघून डी फ्लॅट मेजर या दूरच्या स्वरपट्टीत नेऊन सोडतात. पूर्ण सिंफनीत ट्यूबा हे वाद्य केवळ या भागात वाजते, तेही याच सुरावटींत मोजके स्वर. इथे पाहायचे ते असे: ट्राँबोन, ट्यूबा आणि हॉर्न यांचा नाद एकसंध ऐकू येतो, की प्रत्येक वाद्य वेगळे ओळखू येते. बेळगावच्या कॅन्टोन्मेंटमध्ये, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राजवळ ज्यांचे बालपण गेले, त्यांना पितळी वाद्यांचा नाद मोकळ्या मैदानात कसा पसरतो हे ठाऊक असते. तोच नाद बंदिस्त सभागृहात कसा गोळा होतो हे या काही मात्रांत कळते. आंचेर्ल यांचे ध्वनिमुद्रण प्रागच्या रुडॉल्फिनममध्ये आणि केर्तेस यांचे व्हिएन्नाच्या सोफिएनझालमध्ये झाले आहे. दोन्ही १९६१ ची असूनही खोलीचा पोत किती वेगळा आहे, हे याच सुरावटींच्या शेवटी विरणाऱ्या नादावरून ध्यानात येते.

त्यानंतर म्यूट (नाद दबवणारी चिमटी) लावलेल्या तंतुवाद्यांवर कॉर आंग्लेची प्रसिद्ध धून सुरू होते. कॉर आंग्ले हे ओबोच्या घराण्यातले, दोन पात्यांचे वाद्य आहे, म्हणजे त्याची पाती आपल्या सनईच्याच जातीची. त्यामुळे आपल्या श्रोत्याला त्या नादातला घोगरेपणा आणि हुंकार ओळखीचा वाटतो. पुढे १९२२ मध्ये द्वोर्झाक यांचे शिष्य विल्यम आर्म्स फिशर यांनी या धुनेवर शब्द बसवले आणि ते गीत इतके रूढ झाले, की अनेकांना मूळ धूनच जुने अमेरिकी भजन आहे असे वाटते. तसे नाही, ती द्वोर्झाक यांची स्वतःची आहे.

या धुनेत मी चार गोष्टी लिहून ठेवतो. वादक श्वास कुठे घेतो. दुसऱ्या वाक्यप्रयोगाच्या उंच स्वरावर तो जोर देतो की तो स्वर हलकेच सोडतो. स्वरात कंप किती आहे. आणि मागची तंतुवाद्ये त्याच्या श्वासाबरोबर थांबतात की आपल्या लयीत पुढे जातात. शेवटचा मुद्दा सर्वांत बोलका आहे. कुबेलिक यांच्या बर्लिनच्या वादनात मागचा वाद्यवृंद एकल वादकाच्या कलाने घेतो, तानपुऱ्यापेक्षा सारंगीवाल्याची साथ जशी असते तशी. टोस्कानिनी एकल वादकाला लयीची फारशी सूट देत नाहीत, आणि तरीही ती धून कोरडी होत नाही. ही गंमत कशी जमली, हे मला अजून पुरते उलगडलेले नाही.

मधल्या भागात लय किंचित वाढते, बासरी आणि ओबो एक उदास धून वाजवतात, मग पाखरांच्या किलबिलीसारखी एक हलकीफुलकी जागा येते, आणि पाहता पाहता ट्राँबोन पहिल्या भागातली मुख्य धून गर्जून टाकतात. ही गर्जना ऐकताना एकच प्रश्न विचारावा: ती अचानक आली, की आधीच्या काही मात्रांपासून संचालक तिच्याकडे नेत होता? केर्तेस यांच्याकडे ती येण्यापूर्वीच अंगावर काटा येतो.

आणि मग, मूळ धून परत आल्यावर, तंतुवाद्यांपैकी केवळ काही मोजके वादक उरतात आणि धून मध्येच थबकते. स्वरलिपीत तिथे विरामचिन्हे आहेत, पण ते विराम किती लांबवायचे हे संचालकाने ठरवायचे. एकाच जागेवरचे हे शांततेचे मापन चारही ध्वनिमुद्रणांत सेकंदकाट्याने मोजून पाहावे. सिंफनीच्या चाळीस मिनिटांत संचालकाचे व्यक्तिमत्त्व इतक्या उघडपणे दुसरीकडे कुठेही दिसत नाही, कारण इथे वाजवायला काहीच नसते.

तिसरा भाग आणि चौथा भाग

तिसऱ्या भागाबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. तो नृत्याच्या ठेक्यावरचा आहे, त्यात ट्रँगलची किणकिण आहे, आणि चांगला वाद्यवृंद तो सहसा वाईट वाजवत नाही. फक्त मधल्या भागात, जिथे लाकडी वाद्यांचे (बासरी, ओबो, क्लॅरिनेट अशा फुंकवाद्यांचे) नृत्य ग्रामीण बोहेमियाच्या, म्हणजे चेक प्रदेशाच्या, वळणाने जाते, तिथे चेक वादकांचा ठेका इतरांपेक्षा सैल आणि खेळकर आहे का एवढे पाहावे. त्यासाठी आंचेर्ल आणि टोस्कानिनी ही जोडी एकापाठोपाठ लावावी.

चौथ्या भागात एक जागा अशी आहे, की ती शोधण्याच्या निमित्ताने लक्षपूर्वक ऐकण्याचे शिक्षण आपोआप होते. पूर्ण सिंफनीत झांज एकदाच वाजते, आणि तीही जोरात नव्हे. मुख्य धुनेचा गदारोळ ओसरल्यावर, क्लॅरिनेटची हळुवार धून सुरू होण्याच्या किंचित आधी, एक मवाळ झणत्कार येतो. काही ध्वनिमुद्रणांत तो स्पष्ट ऐकू येतो, काहींत तंतुवाद्यांच्या नादात मिसळून जातो, आणि मोनो ध्वनिमुद्रणात तो हुडकण्यासाठी कानाला खरोखर ताण द्यावा लागतो. ज्या ध्वनिमुद्रणात तो सहज ऐकू आला, त्यातला मायक्रोफोनचा तोल एकंदरीत चांगला आहे असे मानायला हरकत नाही.

त्याच जागेवरची क्लॅरिनेटची धून आणि तिच्याखालची चेलोंची बेचैन हालचाल यांतही वाद्यवृंदाचे मूळ दिसते. प्रत्येक देशाच्या वादकांची नाद काढण्याची रीत त्या काळात वेगळी होती. चेक हॉर्नवादक स्वराला कंप देत असत. व्हिएन्नातली ओबो आणि हॉर्न ही वाद्येच इतरत्र वापरल्या जाणाऱ्या वाद्यांहून बनावटीने निराळी आहेत. ही माहिती आधी न सांगता एखाद्याला आंचेर्ल आणि केर्तेस ऐकवावेत, आणि हॉर्नच्या नादातला फरक तो आपण होऊन सांगतो का ते पाहावे. बहुतेक जण सांगतात.

शेवट मात्र दगा देतो. सगळी सिंफनी मोठ्या आवाजात संपणार असे वाटत असताना अंतिम सुरावट फुंकून वाजवायची वाद्ये हलके हलके कमी करत नेतात. संचालक ती किती लांबवतो आणि ती शून्याकडे नेण्याची घाई करतो का, हे नोंदवावे. अनेक जण इथे उतावीळ होतात. प्रत्यक्ष मैफलीच्या ध्वनिमुद्रणांत तर टाळ्या तो स्वर गिळून टाकतात.

नोंदी कशा ठेवाव्यात

साधी वही घ्यावी, आणि प्रत्येक जागेला एक पान द्यावे, प्रत्येक ध्वनिमुद्रणाला नव्हे. असे केले की लार्गोच्या थांब्यांचे पान उघडल्यावर चारही संचालक शेजारी शेजारी उभे राहतात. गुण किंवा तारे देऊ नयेत. दहापैकी आठ म्हणजे काय, हे दोन महिन्यांनी आपले आपल्यालाच आठवत नाही. त्याऐवजी वाद्यवृंद काय करतो ते क्रियापदांत लिहावे: ‘चेलो मागे राहतात’, ‘ट्राँबोन आधी फुटतात’, ‘बासरी श्वास घेऊन परतते’. ‘भावपूर्ण’, ‘अप्रतिम’ अशी विशेषणे वहीत येऊ लागली, की आपण ऐकणे सोडून कौतुकाकडे वळलो आहोत असे समजावे.

ज्या ध्वनिमुद्रणाने ही सिंफनी आपल्याला पहिल्यांदा भेटली, तेच आपल्याला प्रमाण वाटू लागते. पूर्वी कॅसेट विकत घेऊन तीच वर्षानुवर्षे झिजेपर्यंत ऐकण्याचा प्रघात होता, आणि त्या पिढीतल्या श्रोत्यांच्या मनात एकाच वादनाचे वेग आणि थांबे कोरले गेले आहेत. या पूर्वग्रहावर एकच उपाय मला परिणामकारक वाटला आहे: दोघातिघांनी एकत्र बसावे आणि एकाने ध्वनिमुद्रणाचे नाव न सांगता जागा वाजवाव्यात. टिळकवाडीत असे ऐकण्याला बसतो तेव्हा माझ्याबरोबर एक कानडीभाषिक स्नेही असतात, वचनगायनावर वाढलेले. त्यांना चारही संचालकांची नावे ठाऊक नसतात, म्हणूनच त्यांचे मत मी सर्वांत आधी विचारतो. टोस्कानिनींच्या लार्गोबद्दल ते एकदा म्हणाले, ‘हे गृहस्थ शिस्तीत बसून रडत आहेत’, आणि माझ्या वहीतल्या त्या पानावर त्याहून नेमके दुसरे काहीच लिहिलेले नाही.

नाव लपवण्याचे दुसरेही एक कारण आहे. या सिंफनीच्या काही ध्वनिमुद्रणांमागे मोठ्या कथा उभ्या आहेत. आंचेर्ल नाझी छळछावणीतून वाचले, त्यांचे कुटुंब वाचले नाही, आणि १९६८ च्या सोव्हिएत आक्रमणानंतर त्यांनी देश सोडला. कुबेलिक १९४८ मध्ये देशाबाहेर गेले आणि साम्यवादी राजवट कोसळल्यानंतर १९९० मध्ये परत आले. त्यानंतर १९९१ मध्ये प्रागमध्ये चेक फिलहार्मोनिकबरोबर त्यांनी ही सिंफनी वाजवली, तेही ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ही कथा माहीत असताना ते वादन कोरड्या कानाने ऐकणे अशक्यच आहे. आधी नाव न जाणता ऐकावे आणि कथा मागाहून वाचावी. मी दोन्ही करून पाहिले तेव्हा मला प्रागचे वादन हृद्य वाटले, पण वाद्यवृंदाची नेमकी जोड बर्लिनमध्येच अधिक चांगली आहे, असे माझे मत कायम राहिले.

अखंड ऐकणे आणि निवड

जागा ताडून झाल्यावर वही मिटावी आणि किमान आठवडाभराने एकेक ध्वनिमुद्रण सलग ऐकावे, एका बैठकीत एकच. तुकड्यांत जिंकलेले ध्वनिमुद्रण पूर्ण ऐकताना हरू शकते. माझ्या बाबतीत टोस्कानिनी प्रत्येक जागेवर प्रभावी ठरतात, परंतु सलग चाळीस मिनिटे तो ताण ऐकल्यावर मन थकते. आंचेर्ल मात्र तुकड्यांत फारसे लक्ष वेधून घेत नाहीत आणि अखंड ऐकताना सर्वांच्या पुढे जातात, कारण चौथ्या भागात मागच्या तिन्ही भागांच्या धुना परत येतात तेव्हा त्या आधी कशा वाजल्या होत्या हे त्यांच्या हिशेबात असते. केर्तेस यांचे १९६१ चे ध्वनिमुद्रण, एखाद्याला ही सिंफनी प्रथमच द्यायची असेल तर, मी बेधडक देईन. बर्नस्टाइन यांचे १९८६ चे, इतर चार पचल्यावर, वर्षातून एखाद्या वेळी ऐकावे; त्यातली मंद लय चुकीची नाही, पण ती एकमेव म्हणून घरात ठेवण्यासारखी नाही.

आणखी पुढे जायचे असल्यास ओट्टो क्लेंपेरर यांचे फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राबरोबरचे १९६३ चे ध्वनिमुद्रण घ्यावे. पहिली आणि दुसरी व्हायोलिन्स ते मंचाच्या दोन बाजूंना बसवत असत, त्यामुळे हेडफोनवर दोन्ही कानांत वेगवेगळे संभाषण ऐकू येते, आणि लाकडी वाद्यांना त्यांनी दिलेला ठळकपणा इतरत्र क्वचित मिळतो. जॉर्ज सेल यांचे क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राबरोबरचे १९५९ चे आणि फ्रिट्झ राइनर यांचे शिकागोबरोबरचे १९५७ चे, ही दोन्ही अमेरिकी वाद्यवृंदांची काटेकोरपणाची उदाहरणे आहेत. यांतले कोणतेही एक घेतले तरी चालेल. दोन्ही घेतल्यास वहीत नवे फार थोडे लिहावे लागते. नवे ध्वनिमुद्रण हाती आले, की सगळी सिंफनी लावण्याऐवजी बासरीच्या धुनेची वाट, लार्गोमधले थांबे आणि झांज एवढ्या तीन जागा आधी ऐकाव्यात. त्या पंधरा मिनिटांत ते ठेवण्यासारखे आहे की नाही, याचा कौल बहुधा मिळतो.

प्रत्यक्ष वादन ऐकण्याची संधी बेळगावात क्वचितच येते. मुंबईच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलासंस्थेत २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत ही सिंफनी दिसली, तर रात्रीच्या गाडीने जाऊन ऐकावी, आणि जाताना वही घरीच ठेवावी. तिथे बसण्याच्या जागेनुसार वाद्यांचा तोल बदलतो, त्यामुळे ध्वनिमुद्रणांसाठी केलेल्या नोंदी तिथे लावून पाहण्यात अर्थ नसतो. झांजवादक कुठे बसला आहे, एवढे मात्र आधी हेरून ठेवावे.